पासवर्डचं सोवळं

"दादा, पुस्तक बंद झालंय."

रात्री साडेअकरा. सेकंड शिफ्ट सुटलेली, गेटवर जमा केलेला मोबाईल नुकताच हातात आलेला, आणि बारकीचा फोन. माझी धाकटी बहीण. बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दाताची डॉक्टर होणार. आमच्या मागच्या पिढ्यांत कुणी दाताच्या डॉक्टरची खुर्ची पाहिली नव्हती. दात दुखला की लवंग, लईच झालं की पक्कड.

मी म्हणालो, "बंद झालंय तर उघड की."

ती हसली नाही. "उघडत नाही दादा. फी बाकी आहे म्हणून लॉगिन काढून घेतलंय. परवा पेपर आहे."

गेटसमोरच्या धुळीत मी तसाच उभा राहिलो. पुस्तक काढून घेतलं. म्हणजे कुणी तिच्या खोलीत आलं? कपाट फोडलं? हातातून हिसकावलं? तसं झालं असतं तर आरडाओरडा झाला असता, चार पोरी गोळा झाल्या असत्या, आपली पोरं जाऊन त्या प्राचार्याच्या टेबलावर बसली असती. तसं काहीच झालं नाही. कुठल्या तरी थंडगार ऑफिसात एका माणसानं तिच्या नावापुढची एक खूण पुसली. माझ्या बहिणीच्या हातातलं पुस्तक विझलं. आवाज नाही, रक्त नाही, साक्षीदार नाही.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. बारकीला अजून तिथंच पास व्हायचंय. आणि एकाचं नाव लिहिलं की बाकीचे हात झटकून गंगेत न्हाऊन मोकळे होतात, ते मला नकोय.

आता मी कोण, ते सांगतो. मी मॅट्रिक. पुढं शिकलो नाही, कारण घरात एकच जण शिकू शकत होतं आणि डोकं तिला होतं. मी डॉकवर काम करतो. डॉक म्हटलं की तुम्हाला मुंबई आठवेल, जहाजं, क्रेन. चाकणला समुद्र नाही, पण डॉक आहेत. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी, जिथं कांद्याची शेतं होती तिथं पत्र्याची गोदामं उभी आहेत आणि प्रत्येक गोदामाच्या पोटाला ओळीनं भोकं पाडलेली आहेत. कंटेनर उलटा येऊन भोकाला चिकटतो. गाडी डॉकला लागली म्हणायचं. मग आम्ही आत शिरतो. उन्हाळ्यात कंटेनरच्या आत भट्टी असते. एकेक खोका उचलायचा, पॅलेटवर रचायचा, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळायचं, हँडपॅलेट ओढायचं. १९६९ साली माथाडी कायदा झाला, हमालाच्या पाठीवर पहिल्यांदा कायद्याचा हात पडला. आमच्या पाठीवर ठेकेदाराचा हात आहे. ठेकेदार बदलला की आमची कार्डं बदलतात, पाठ तीच राहते.

कविता लिहितो ते कंटेनर रिकामा झाला आणि पुढचा लागायचा आहे, त्या वेळात. खोक्याच्या पुठ्ठ्यावर.

तर या डॉकवर सगळं उतरतं. गाडीचे सुटे भाग, टीव्ही, बूट, आणि टॅबलेटचे खोकेही. त्या खोक्यावर हसऱ्या पोरीचं चित्र असतं. पोरगी गोरी असते, पाठीमागं पुस्तकाचं कपाट असतं. कपाटातली पुस्तकं तिला आता लागत नाहीत म्हणून ती हसत असावी. मी हसलो नाही. मला तो खोका पंचवीस किलोचा लागला.

बारकीच्या कॉलेजात हे कसं आलं ते ऐका. पहिल्या वर्षाच्या पावतीवर एक नवीन ओळ होती, डिजिटल लायब्ररी. सक्तीची. सगळ्यांना सारखी. पोरांना सांगितलं, आता पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही, सगळी बत्तीस दातांची विद्या या एका पडद्यात आहे. मग हळूच लायब्ररीतली छापील पुस्तकं घरी द्यायची बंद झाली. बसून वाचा, संध्याकाळी परत ठेवा. मग नव्या आवृत्त्या घ्यायच्या बंद झाल्या. कशाला घ्यायच्या, पडद्यावर आहेत की. तीन वर्षांत कपाटं म्हातारी झाली आणि पोरं लॉगिनच्या दावणीला बांधली गेली. दावणीचा दोर अकाऊंट सेक्शनच्या हातात.

आणि फी बाकी का होती? बारकीनं सिनेमा बघितला म्हणून? शिष्यवृत्तीचा हप्ता आला नव्हता म्हणून. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. दोन सरकारं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात आणि कॉलेज पोरीच्या तोंडाकडं बघतं. छापील पुस्तक असतं तर हप्त्याची वाट बघत तिनं वाचलं तरी असतं. चौरसियाच्या पानाला काय कळतं तिची फी भरली की नाही?

मित्रांनो, इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्यातली पोरं आजवर डॉक्टर झाली ती कुणाच्या पुस्तकावर? स्वतःच्या? सोडा हो. सीनियरच्या. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगावर. झेरॉक्सवर. पुस्तकपेढीवर. बारकीला पहिल्या वर्षी बी. डी. चौरसियाच्या अॅनाटॉमीचा तिसरा खंड मिळाला, डोकं आणि मान असलेला. पहिल्या पानावर तिच्याआधीची चार नावं होती. त्यांतली दोन आडनावं आपली, एक पारध्याच्या पोराचं, एक मुसलमान पोरीचं. चौघांनी चार रंगांत रेघा मारलेल्या. जिथं चारही रंगांच्या रेघा पडल्यात ते परीक्षेला येणार, हे बारकीला न विचारता कळायचं. एका नसेच्या चित्राशेजारी कुणीतरी मराठीत लिहिलं होतं, ही नस तोंड वाकडं करते, विसरू नको. मास्तरानं न शिकवलेलं ते पुस्तकानं शिकवलं. बारकीनं पाचवं नाव लिहिलं आणि वर्ष संपल्यावर पुस्तक सहाव्या पोराला दिलं. फुकट. तिला तसंच मिळालं होतं.

हे पुस्तक एकट्याचं नव्हतंच. आपल्या वस्तीत नळ जसा एकट्याचा नसतो तसं.

सरकारलासुद्धा हे एके काळी कळत होतं. १९७८-७९ साली अनुसूचित जातीच्या पोरांसाठी पुस्तकपेढीची योजना सुरू झाली, कारण मेडिकल आणि इंजिनिअरिंगला लागलेली आपली पोरं पुस्तकावाचून मधूनच गळत होती. नियम काय होता? पुस्तकांचा एक संच दोघांत. संचाचं आयुष्य तीन वर्षं. हिशेब करा. आणि तीन वर्षांनंतरही पुस्तक मरत नाही, फक्त सरकारी खतावणीतून उतरतं. २०२१ च्या नव्या नियमावलीत व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पोराला वर्षाचा एकरकमी भत्ता ठरला, वसतिगृहात राहणाऱ्याला १३,५०० आणि घरून जाणाऱ्याला ७,००० रुपये. तो थेट खात्यात जमा होणार. होतो तेव्हा होतो. पण मला सांगा, त्यातून लॉगिन घेतलं तर त्या लॉगिनचा संच दोघांत कसा करायचा? तिसऱ्या वर्षानंतर कुणाला द्यायचा? लॉगिनवर पाचवं नाव कुठं लिहायचं?

लिहिता येत नाही, कारण ते विकत घेतलेलंच नाही. इथं खरी मेख आहे. छापील पुस्तक विकत घेतलं की त्या प्रतीचे मालक तुम्ही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाचा, प्रकाशकाचा हक्क राखला, पण बाजारात एकदा गेलेली प्रत पुढं विकायला, द्यायला कुणाचा बाप आडवा येऊ शकत नाही. अप्पा बळवंत चौक यावरच उभा आहे. डिजिटल पुस्तकात तुम्हाला मिळतं ते लायसन. वापरायची परवानगी. अमुक दिवस, अमुक मोबाईल, अमुक पानं छापा, यापुढं नाही. कुलूप तोडून प्रती काढायला गेलात तर २०१२ च्या दुरुस्तीनं कायद्यात ६५-अ कलम घातलंय, दोन वर्षांपर्यंत तुरुंग. आणि आता छापील पुस्तकालाही ही लागण झालीय. आतल्या पानावर नाण्यानं खरवडायचा कोड असतो. पहिल्यानं खरवडला की संपला. दुसऱ्याच्या हातात जातं ते अर्धं पुस्तक. उष्टं.

पुस्तक ज्याच्या त्याच्यापुरतं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. लावला तर बाटलं. हा नियम तुम्ही कुठं ऐकलाय? मी ऐकलाय. माझ्या आज्यानं ऐकलाय. तेव्हा त्याला सोवळं म्हणायचे.

कुणी म्हणेल, ह्याला सगळीकडं जातच दिसते, ही तर साधी धंद्याची गोष्ट आहे. बरोबर आहे, धंद्याची आहे. पाणवठ्याची गोष्ट कशाची होती? तळं सगळ्यांचं, पाणी सगळ्यांचं, म्युनिसिपालिटीचा ठराव कागदावर होता, तरी १९२७ साली महाडला बाबासाहेबांना माणसं घेऊन ओंजळ भरायला जावं लागलं. उघडं असलेलं तळं आणि तुम्हाला उघडं नसलेलं तळं, यांत फरक दिसत नाही. ओंजळ घातल्यावरच दिसतो.

या लॉगिनाचा जन्म कुठला तेही सांगतो. २००१ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयानं नव्या पोरांना छापील पुस्तकांऐवजी एका डीव्हीडीत भरलेली पुस्तकं सक्तीनं घ्यायला लावली. व्हायटल सोर्स नावाच्या कंपनीचा माल. म्हणजे डिजिटल पुस्तकाची सक्ती झाली ती अगोदर दातांच्याच कॉलेजात. शहर बघा, न्यूयॉर्क. १९१३ ते १९१६ याच शहरात एक महाराचं पोर पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं गोळा करत हिंडत होतं. कोलंबियाचं शिक्षण, मग लंडन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना परत यावं लागलं, सामान दुसऱ्या बोटीनं पाठवलं, आणि ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. पुस्तकं समुद्राच्या तळाला गेली. त्यानंतर या माणसानं दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. पुस्तक गमावणं काय असतं हे आपल्या बापाला कळत होतं. पण तिथंही पाणबुडी लागली, टॉर्पेडो लागला, महायुद्ध लागलं. आता एक खूण पुसली की झालं.

खोटं वाटतं? २००९ साली अॅमेझॉननं लोकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं त्यांच्या किंडलमधून रातोरात पुसली. पुस्तक कुठलं, तर हुकूमशाहीत जुने कागद जाळून इतिहास पुसतात त्या गोष्टीचं, 'नाइन्टीन एटी-फोर'. असा विनोद मला कवितेत सुचला नसता. २०१९ साली मायक्रोसॉफ्टनं पुस्तकाचं दुकान बंद केलं, तर विकलेली पुस्तकंसुद्धा वाचणाऱ्याच्या हातातून गेली. पैसे परत दिले म्हणे. बारकीच्या चार रंगांच्या रेघांचे पैसे किती होतात?

पुस्तक बुडवणं आमच्या इंद्रायणीकाठाला नवीन नाही. चाकणहून निगडीकडं निघालो की वाटेत देहूचा फाटा लागतो. तिथं तुकोबाच्या वह्या डोहात बुडवायला लावल्या. कारण काय? शूद्रानं वेदाचा अर्थ सांगायचा नाही. तेराव्या दिवशी वह्या तरंगून वर आल्या म्हणतात. मी डॉकवरचा माणूस आहे, कागद भिजला की लगदा होतो हे मी रोज बघतो. पण चमत्कार झाला नाही असंही मी म्हणत नाही. चमत्कार झाला तो चाकणच्या तेल्याच्या घरी. संताजी जगनाडे. घाण्याचा माणूस. तुकोबाचे अभंग त्यानं आपल्या हातानं वहीत उतरवले, आणि त्या वह्या टिकल्या. चाकणचा पहिला झेरॉक्सवाला. देहूची एक प्रत बुडवता आली, पण चाकणला, सुदुंबऱ्याला, माणसांच्या तोंडात इतक्या प्रती होत्या की सगळ्या इंद्रायणीत मावल्या नसत्या. ज्याची प्रत काढता येते ते बुडवता येत नाही. ह्या लॉगिनवाल्यांनी नेमकं हेच ओळखलंय आणि प्रत काढायचा हातच बांधलाय.

आता माझ्यावर बाजू पलटवणारे आहेत. आपल्याच चळवळीतले एक साहेब परवा पिंपरीत आंबेडकर पुतळ्याशेजारच्या टपरीवर मला म्हणाले, तू मागासलेला विचार करतोस, जग डिजिटल झालं, कॉम्प्युटरला जात नसते, उलट ह्यानंच आपली पोरं पुढं जातील. तुला कागदाचा वास आवडतो म्हणून पोरांच्या पाठीवर दहा किलोचं दप्तर द्यायचं काय?

साहेब, कागदाचा वास तुमच्या बंगल्यातल्या कवींना आवडतो. मला कागदाच्या खोक्यानं पाठीत उसण भरते. मी डिजिटलच्या विरोधात नाही. बारकीनं मला दाखवलंय, मी डोळ्यानं बघितलंय. तोंडाच्या रोगांचं शेफरचं पुस्तक घ्या. त्यात सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो असतात. गालाच्या कातडीचा पातळ काप काढून त्याला रंग देतात, पेशीचं केंद्र निळंजांभळं दिसतं, बाकीचं गुलाबी. कॅन्सर कुठं शिरला ते त्या रंगावरून कळतं. झेरॉक्समध्ये तो सगळा फोटो काळा ठिक्कर होतो. वर्षानुवर्षं आपल्या पोरांनी कॅन्सर काळ्या ठिपक्यावरून पाठ केला आणि तोंडी परीक्षेत खऱ्या काचेसमोर उभी राहिली तेव्हा ओळखू शकली नाहीत. मास्तर म्हणाला, कोट्यातली. मोबाईलवर तोच फोटो लखलखीत दिसतो, बोटांनी ताणून मोठा करता येतो. दाढेची मुळं फिरवून सगळ्या बाजूंनी बघता येतात. ज्याची नजर अधू आहे त्याला पुस्तक वाचून दाखवतं. हे सगळं आम्हाला पाहिजे. रंग आम्हालाही पाहिजे. त्याचं कुलूप आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला नको.

आणि पाठीवरच्या दहा किलोंची काळजी कुणाला? आमच्या पाठीवर रोज किती टन जातं ते मोजायला एकही साहेब चाकणला आला नाही.

बरं, बारकीला पिंपरीत का नाही घातली, घराजवळ? विचारा. संत तुकाराम नगरात दंत महाविद्यालय आहे. पण ते अभिमत विद्यापीठाचं. अभिमतात आपलं आरक्षण चालत नाही, आणि तिथली फी म्हणजे माझ्या जन्माचा पगार. सरकारी दंत महाविद्यालय पुणे जिल्ह्यात नाही. एवढा मोठा औद्योगिक पट्टा, देशाची मोटार इथं बनते, १९५४ साली सरकारनं पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढून पेनिसिलिन बनवलं, आणि कामगाराच्या पोरीला दात शिकायला मुंबई, नागपूर नाहीतर संभाजीनगर. तिथं दोन-चार मार्कांनी हुकलं की खाजगी. खाजगीत गेलं की लॉगिन.

सरकारला घाऊक खरेदी करता येत नाही असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं 'एक राष्ट्र, एक सदस्यता' मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० च्या आसपास संस्था. एका सहीत. पण ती संशोधनाची नियतकालिकं, आणि संस्था सरकारी. बीडीएसचं रोजचं पुस्तक त्यात नाही आणि खाजगी कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकणारी पोरगी त्यात नाही. मग तिच्या पुस्तकाचं काय? परदेशी प्रकाशकाला सहा हजार कोटी देताना सरकारची मान ताठ असते, बारकीच्या हप्त्याच्या वेळी मानेला लकवा होतो.

आणि झेरॉक्स म्हणजे चोरी, असं जे कॉलेजवाले सांगतात त्यांना रामेश्वरीची गोष्ट सांगा. दिल्ली विद्यापीठातलं झेरॉक्सचं दुकान, रामेश्वरी फोटोकॉपी. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी त्या एवढ्याशा दुकानावर खटला भरला. पोरं रस्त्यावर आली, मास्तर पोरांच्या बाजूनं उभे राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं खटला फेटाळला, कॉपीराइट हा काही देवानं दिलेला हक्क नव्हे असं निकालात लिहिलं. डिसेंबरात अपील झालं, तेव्हा खंडपीठानंही शिकवण्यासाठी लागणारी नक्कल कायद्यात बसते हेच धरलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी अंग काढून घेतलं. एक झेरॉक्स मशीन जिंकलं. म्हणूनच आता त्यांना असं पुस्तक हवंय ज्याला झेरॉक्सच्या काचेवर पालथं घालता येणार नाही.

तेव्हा आपलं मागणं सरळ आहे. छापील पुस्तकं घरी द्यायची बंद केलेल्या प्रत्येक लायब्ररीसमोर बसायचं. डिजिटल द्यायचं तर कुलूप न लावता द्या, नेट नसताना उघडेल असं द्या, पोरगं पास झाल्यावरही त्याच्याकडं राहील असं द्या. फी थकली म्हणून वर्ग अडवायचा नाही तसं पुस्तकही अडवायचं नाही. पुस्तकपेढीचा संच पुन्हा दोघांत, आणि रंगीत. हे मागणं भिकेचं नाही. हप्ता तुम्ही थकवलाय.

हे मी इतक्या पोटतिडकीनं का लिहितो? बहीण म्हणून? तेही आहे. पण अजून एक आहे.

दिवाळीला बारकी घरी आली होती. मायनं तिखट केलं, मला तोंडाला आग झाली, मी ताट सारलं. बारकी बघत होती. म्हणाली, दादा, आ कर. तीन बोटं जुळव आणि उभी घाल तोंडात. मी घातली. गेली, कशीबशी. तिनं बोटानं माझे गाल आतून चाचपले. मग गप्प बसली. मग म्हणाली, सुपारी आजपासून बंद. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. आमच्या डॉकवर तो कधी बंद झाला नाही. बारा तास उभं राहायचं तर तोंडात काहीतरी लागतं. सुपारीनं गालाच्या आत पांढरे पट्टे धरतात, कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही, आणि पुढं काहींना त्यातूनच कॅन्सर होतो. बारकीनं मला शेफरमधलं ते पान दाखवलं. इंग्रजी मला अर्धं कळलं, फोटो पूर्ण कळला. तो गाल आमच्या डॉकवरच्या निम्म्या माणसांचा होता.

तेच पान मी गड्यांना दाखवायचं ठरवलं. मोबाईलवर न्यायचं म्हटलं तर मोबाईल गेटवर जमा. लॉगिन आमच्या डॉकवर येऊ शकत नाही. म्हणून बारकीनं एका जुन्या पुस्तकातलं ते पान रंगीत झेरॉक्स करून दिलं, खाली मराठीत चार ओळी लिहिल्या, आणि मी ते घडी करून शर्टाच्या खिशात घातलं. गेटवरच्या काकानं खिसा तपासला, कागद उलटापालटा केला, म्हणाला, काय हाय हे? मी म्हणालो, गाल हाय. त्यानं सोडलं.

परवाच्या त्या पेपराचं सांगायचं राहिलं. बारकीनं रात्रभर शेजारच्या पोरीच्या मोबाईलवर रंग बघितले आणि सीनियरच्या काळ्या झेरॉक्सवर अक्षरं वाचली. लॉगिन दुसऱ्याला वापरायला देणं नियमात बसत नाही, त्या पोरीचंही जाऊ शकलं असतं. तरी तिनं दिलं. पेपर झाला. हप्ता दीड महिन्यानं आला.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. तीच तारीख, ज्या दिवशी १९२७ साली मनुस्मृती जाळली. येत्या २५ डिसेंबरला आपण तिथं जाणारच आहोत. जाताना पुस्तकं घेऊन या. आमच्या वस्तीतल्या विहारात लोखंडी पेटी ठेवलीय, कुलूप न लावता. सध्या तिच्यात चौरसियाचे दोन खंड, दातांच्या रचनेचं व्हीलर, एक फाटका ग्रॉसमन आणि नर्सिंगची तीन पुस्तकं आहेत. रेघा मारलेली असतील तर जास्त बरं. पहिल्या पानावर नाव लिहा.

ते गालाचं पान मी पाण्याच्या टाकीशेजारच्या खांबाला चिकटवलं होतं. सुपरवायझरनं फाडलं. भिंतीवर कंपनीची सूचना सोडून काही लावायचं नाही. दुसरं लावलं. ते आठ दिवस टिकलंय. काल जेवणाच्या सुट्टीत एक गडी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हात धुता धुता त्या पानासमोर थांबला. आजूबाजूला बघितलं. कुणी बघत नाही असं वाटून त्यानं तोंड उघडलं आणि बोटं जुळवून उभी घातली. दोन गेली. तिसरं जाईना.